नववी ब आणि अंबाझरीचं पाणी

नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे 'इतिहासाची साधने'. लिखित, भौतिक, मौखिक, दृक्-श्राव्य. पुस्तक २०१७ चं, तेव्हापासून दरवर्षी मी हा धडा शाळा उघडल्या उघडल्या घेते (आपल्याकडे विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर पुण्या-मुंबईवाल्यांचा हा धडा होऊनही गेलेला असतो) आणि दरवर्षी पोट्टे चारही प्रकार धडाधड म्हणून दाखवतात, पेपरात लिहितात, मार्क घेतात आणि विसरतात. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, खरं सांगते. सतरा वर्षं इतिहास-भूगोल शिकवला की माणूस हळूहळू उत्तरपत्रिका तपासायची मशीन होऊन जातो.

२०२४ च्या पहिल्या घटक चाचणीत एका मुलीला पैकीच्या पैकी होते. मी सहज विचारलं, तुझ्या घरात आहे का गं इतिहासाचं एखादं साधन? तिनं नीट विचार केला आणि म्हणाली, "नाही मॅडम, आमचं घर नवीन आहे."

वर्गात कोणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांना ते उत्तर बरोबरच वाटलं होतं.

मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मॅडम, पुराचे व्हिडिओ आहेत बाबाच्या मोबाइलमधी, ते चालते का?" यावर मात्र सगळे हसले. मी म्हटलं, चालते ना, काऊन नाही चालत? आणि पुढचे अडीच महिने मी स्वतःला जे काम लावून घेतलं त्याची ही सुरुवात.

नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. २३ सप्टेंबर २०२३, शनिवार. रात्रीतून ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी आपलं पात्र सोडून लोकांच्या बेडरूममध्ये. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, तिकडून खाली सीताबर्डीपर्यंत पाणी, मोरभवनच्या बसस्टँडमध्ये बसेस पाण्यात उभ्या. एनडीआरएफ आली, लष्कराचे जवान आले. माझ्या वर्गातली पोरं तेव्हा आठवीत होती. काहींची घरं नदीकाठची, काहींची इतकी उंचावर की सकाळी उठून टीव्ही लावल्यावर त्यांना कळलं आपल्या गावात पूर आला म्हणून. इतिहासाच्या मास्तरणीला याहून चांगला वर्ग कुठून मिळणार?

हेडसरांना विचारलं. ते म्हणाले करा, छान आहे, नवीन शैक्षणिक धोरणात बसते. मग दोन मिनिटं थांबून, पोर्शन कंप्लीट होईल ना? आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, मॅडम त्यात राजकारण नका येऊ देऊ. हे तिन्ही मुद्दे त्यांच्या जागी बरोबर होते हे मला नंतर कळलं, शेवटचा तर फारच.

पहिला घोटाळा मीच केला. फळ्यावर लिहून दिलं, "२३ सप्टेंबर २०२३ च्या नागपूरच्या पुराबद्दल माहिती लिहून आणा." सोमवारी ४६ वह्या आल्या आणि त्यातल्या ३१ वह्यांची सुरुवात एकच, नागपूर शहराच्या इतिहासातील हा एक काळा दिवस ठरला. पुढे कारणे, परिणाम, उपाययोजना, निष्कर्ष. शुद्धलेखन एकदम चोख. एका पठ्ठ्याने तर सगळ्यात वर सुंदर निळ्या शाईत लिहिलं होतं, "नक्कीच! तुमच्या शालेय प्रकल्पासाठी सविस्तर माहिती खालीलप्रमाणे आहे", आणि त्याखाली लाल पेनाने रेघ. म्हणजे चॅटजीपीटीने विचारणाऱ्याला जे म्हटलं तेही त्याने प्रामाणिकपणे उतरवून घेतलं. मी रागवायला तोंड उघडलं आणि मलाच हसू फुटलं.

रात्री वह्या तपासताना डोक्यात आलं की आधी हीच पोरं गाइडमधून उतरवायची तेव्हा आपण बरोबरची खूण करून पुढे जायचो. तेव्हाही ते त्यांचं नव्हतंच. "माहिती लिहा" म्हटलं की माहिती जिथं सगळ्यात सोपी मिळते तिथून येणार, त्यात पोरांचं काय चुकलं. ज्या पोराच्या घरात त्या रात्री कंबरभर पाणी होतं त्यानेसुद्धा काळा दिवस ठरला असंच लिहिलं होतं, हे मात्र मला लागलं. त्याला आपल्या घराबद्दल मशीनला विचारावंसं वाटलं, आईला नाही.

मग कागद बदलला. प्रत्येकाने एका माणसाला भेटायचं, घरातलं किंवा शेजारचं, आणि आधी विचारायचं की सांगायला चालेल का. "तुम्हाला कसं वाटलं" हा प्रश्न बंद, कारण त्याचं उत्तर सगळे सिरियलमधल्यासारखं देतात. विचारायचं ते हे की तुम्ही तेव्हा कुठं होता, पाणी आलं हे पहिल्यांदा कशावरून कळलं, सगळ्यात आधी काय उचललं, पाणी कुठपर्यंत चढलं ते हात लावून दाखवा, आणि किती वाजले होते हे तुम्हाला कसं माहीत. हा शेवटचा प्रश्न मी उगाच टाकला होता, तोच सगळ्यात कामाचा निघाला.

दुसऱ्या फेरीत कागद आले ते वाचून मी स्टाफरूममध्ये चहा थंड केला. कोणी आधी गॅसचं सिलिंडर उचललं होतं, कोणी मुलाची दहावीची मार्कशीट, एका काकांनी कुलर. कुलर कायले उचलला विचारलं तर म्हणे हप्ते चालू होते.

पण भाषेचा एक वांधा होता. एका मुलीने लिहिलं, "आजीने सांगितले की जलस्तर झपाट्याने वाढत होता." मी विचारलं, आजी जलस्तर म्हणाली का गं? नाही मॅडम, ती म्हणे पाणी भराभर चढून राह्यलं होतं. मग तेच लिही ना. यावर तिचा जो चेहरा झाला तो मी विसरत नाही, "मॅडम, ते अशुद्ध आहे, वहीत कसं लिहू?" आता नऊ वर्षं आपणच तिला शिकवलं की घरात बोलते ते वहीत चालत नाही, आणि आता आपणच सांगून राहिलो की मौखिक साधन म्हणजे माणूस बोलला तसं. मी फळ्यावर "चढून राह्यलं" मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सांगितलं, आजीचे शब्द अवतरणात, तुझे शब्द बाहेर. अवतरणचिन्ह नेमकं कशासाठी असतं हे मराठीच्या तासाला कळलं नसेल तेवढं त्यांना त्या दिवशी कळलं, मराठीच्या मॅडम माफ करतील.

मग वर्गाच्या मागच्या भिंतीवर ब्राउन पेपर लावला, रात्री बारापासून दुपारी बारापर्यंतचे तास आखले आणि प्रत्येकाने आपापली पट्टी त्या त्या वेळेवर चिकटवायची ठरलं. इथं भांडणं सुरू झाली. एक म्हणतो पाणी अडीचला आलं, दुसरा म्हणतो खोटं आहे बे, आमच्याकडे पाचला आलं. अर्धा वर्ग मला विचारून राहिला होता, मॅडम यातलं बरोबर कोणतं, पेपरात काय लिहायचं? मी काहीच बोलले नाही, भूगोलाचा तासही माझाच असल्यामुळे शहराचा नकाशा लटकवला आणि म्हटलं कोणाची पट्टी कुठल्या घराची आहे त्या जागी टाचणी लावा. टाचण्या लागत गेल्या तसं दिसायला लागलं की पश्चिमेकडच्या, तलावाजवळच्या घरांच्या वेळा आधीच्या आणि अशोक चौक, नंदनवनकडच्या नंतरच्या. नदी पूर्वेला वाहते हे त्यांनी उताराच्या धड्यात वाचलंच होतं. एकजण म्हणाला, "म्हणजे दोघंही खरंच बोलून राहिले!" आणि दुसरा लगेच, "पण मॅडम, नाग नदी म्हणजे आपला तो नालाच ना?" हो बाबा, तोच. शहराचं नाव ज्याच्यावरून पडलं तो नाला.

वेळेचं दुसरं कोडं आजीलोकांचं. एका आजीने घड्याळाची वेळ सांगितलीच नाही, ती म्हणाली, "महालक्ष्म्यांचं जेवण झालं, पंगती उठल्या, आवराआवर करून नुकताच डोळा लागला होता." पोरगी म्हणे मॅडम आजीला तारीख आठवत नाही, दुसरं कोणीतरी घेते मी. मी म्हटलं थांब, कॅलेंडर आण. त्या वर्षी महालक्ष्म्यांचं पूजन २२ सप्टेंबरला होतं, म्हणजे आजीने तारीख अगदी अचूक सांगितली होती, फक्त आपल्या पंचांगात नाही तर तिच्या. विदर्भातल्या घरात त्या दिवशी किती पानं उठतात आणि आवरायला किती वाजतात हे वर्गातल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं, त्यांनी हिशोब करून पट्टी एक ते दोनच्या मध्ये लावली. पोरांना यातलं काही माहीत नव्हतं, ते जेवून झोपले होते.

पेपरची कात्रणं आणायला सांगितली होती. एकात चार तासांत ९० मिलिमीटर पाऊस, दुसऱ्यात १०६. झालं, छापील असून दोन आकडे कसे? छापलेलं खरंच असतं हे त्यांच्या मनात इतकं पक्कं की दोन कात्रणं समोरासमोर ठेवल्यावर त्यांना जवळपास फसवल्यासारखं वाटलं. मग बारकाईने वाचलं तर १०६ हा आकडा विमानतळावरचा, पहाटे साडेपाचपर्यंतचा. मोजलं कुठं, कधीपासून कधीपर्यंत, सांगितलं कोणी, हे तीन प्रश्न तेव्हापासून वर्गात इतके चालले की आता सायन्सच्या सरांनाही विचारतात म्हणे. सर जरा वैतागलेत.

व्हिडिओंमध्ये तर मजाच. गाड्या वाहून चालल्याचा एक व्हिडिओ चौघांनी आणला होता, शंकरनगरचा म्हणून. तिसऱ्यांदा लावला तेव्हा एका मुलीने थांबवायला सांगितला, मागच्या दुकानाची पाटी तेलुगूत होती. एक वर्षभर तो व्हिडिओ चौघांच्याही घरच्या ग्रुपवर आमचा पूर म्हणून फिरत होता.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. अंबाझरीचा इतिहास शोधायला तिघांना दिलं होतं. ते नेटवरून घेऊन आले, "तलाव १८७० मध्ये भोसल्यांच्या काळात बांधला." मी हे वाक्य स्वतः कितीतरी वेळा सहलीत पोरांना सांगितलेलं आहे. त्यातला एक, जो एरवी प्रश्न विचारला की बूट बघतो, हळूच म्हणाला, "मॅडम, पण नागपूर तर खालसा झालं होतं ना?" आठवीत डलहौसी झालेला, त्यातलं सातारा, झाशी, नागपूर त्याच्या डोक्यात होतं. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, दत्तक नामंजूर, १८५४ मध्ये राज्य इंग्रजांकडे. मग १८७० मध्ये भोसल्यांचा काळ कुठून आला? मी वर्गासमोर उभी, सतरा वर्षांचा अनुभव घेऊन, आणि माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हटलं, बाबू, मी हे इतकी वर्षं चुकीचं सांगून राहिली. टाळ्या पडल्या, माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. मग त्यांनी आपापले तर्क लढवले, मूळ तलाव जुना असेल आणि बांध इंग्रजांनी वाढवला असेल वगैरे, ते मी भिंतीवर पेन्सिलीने लिहायला लावले. पेन्सिल म्हणजे अंदाज, पेन म्हणजे पुरावा आहे, हा नियम त्यांचाच.

इथपर्यंत सगळं भारी चाललं होतं आणि त्याच जोरात मी चूक केली.

एका मुलाने नदीकाठच्या वस्तीतल्या एका बाईंची मुलाखत आणली होती. त्या बाई त्या मुलाच्याच घरी काम करायला येतात. सगळं गेलं होतं त्यांचं, धान्य, कपडे, लग्नातलं कपाट. सरकारची घरटी १० हजारांची मदत जाहीर झाली तर पंचनाम्यात नाव कुठं अडकलं, कोणकोणाच्या दारात उभं राहावं लागलं, सगळं त्यांच्या शब्दात. इतकं जिवंत लिहिलं होतं की मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही, मला वाटलं तेवढं पुरेसं आहे. पण वाचता वाचता दिसलं की खिडकीजवळची एक मुलगी मान खाली घालून पट्टीने बाकावर रेघोट्या ओढते आहे आणि आजूबाजूचे तिच्याकडे बघत आहेत. तिची आई होती ती. पोरांना माहीत होतं, मला नाही.

मी मध्येच थांबले, ते आणखी वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी तिला एकटीला भेटून माफी मागितली, ती म्हणाली "काही नाही मॅडम", आणि मुलं असं म्हणतात तेव्हा काहीच संपलेलं नसतं. तिच्या आईलाही भेटून आले. त्या उलट मलाच चहा पाजून म्हणाल्या, सांगितलं ते खरंच आहे बाई, पण पोरीला शाळेत बसायचं असते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला अनुभवाधारित शिक्षणाची पीपीटी चार वेळा दाखवली आहे, मुलांच्या परिसराशी धडा जोडा, स्थानिक उदाहरणं घ्या. परिसर म्हणजे कोणाचं तरी घर असते आणि ते कोणीतरी त्याच वर्गात बसलेलं असते, हे त्या पीपीटीत कुठंच नाही. त्यानंतर नियम केला, कागदावर नाव नाही, गल्ली नाही, आणि भिंतीवर लावायचं की नाही ते सांगणारा माणूस ठरवेल. सात कागद परत गेले. जाऊ दिले.

आणि मग यायचा तो प्रश्न आलाच. चूक कोणाची? तलावाच्या सांडव्यासमोरचं स्मारक, नदीवरचं अतिक्रमण, नाल्यांवर टाकलेले स्लॅब, सगळं पेपरात येऊन गेलेलं, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलेलं. पोरांच्या घरी यावर दोन बाजू आणि दोन्ही कडक. एका पालकाचा मेसेज आला, मॅडम हे सगळं दहावीला येणार आहे का? दुसऱ्यांचा फोन, जरा वेगळ्या आवाजातला, तुम्ही मुलांना कोणाविरुद्ध शिकवून राहिल्या? मी हेडसरांचं वाक्य आठवलं आणि खरं सांगते, घाबरले. वर्गात म्हटलं, आपण फक्त पाणी कुठून कुठं गेलं आणि मध्ये काय काय होतं एवढं नकाशावर दाखवू, चूक कोणाची ते कोर्ट बघेल. एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, मध्ये काय होतं ते दाखवलं की चूक कोणाची ते दिसतेच ना." मी विषय बदलला. ती काही चुकीचं बोलली नव्हती. नकाशावर सगळं दाखवलं मात्र, सांडवा, स्मारक, भिंती, पूल, स्लॅब, सगळं, पेनाने. शीर्षक दिलं नाही.

भौतिक साधन मिळेना. पाण्याच्या रेषा भिंतींवर होत्या पण दिवाळीला सगळ्यांनी रंग मारून टाकलेला. शेवटी ती महालक्ष्म्यांवाली आजी कामाला आली. तिने पोरांना सांगितलं की दिवाण सरकवा, त्यामागे रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता. चौघं कंपासपेटीतल्या पट्ट्या घेऊन गेले, मोजून आले, दोन फूट सात इंच, त्यावर वाळलेल्या गाळाची पिवळट कड. फोटो काढला तर आजी म्हणे, माझाही काढा न पोट्टेहो, भिंतीचाच काऊन काढता?

खिडकीजवळच्या मुलीने शेवटपर्यंत कोणाची मुलाखत आणली नाही, मी विचारलंही नाही. एकदा मधल्या सुट्टीनंतर वर्गात आले तर ब्राउन पेपरवर त्यांच्या भागाच्या पट्टीवरचं "पाच" खोडून बाजूला "साडेतीन" लिहिलेलं होतं, पेनाने. अक्षर तिचं. तिच्याकडे बघितलं तर ती वही काढत होती.

सामाजिक शास्त्रांच्या अंतर्गत २० मार्कांत हे कसं बसवलं ते सांगत नाही, ती वेगळी कारागिरी आहे. वार्षिक परीक्षेत मीच प्रश्न काढला होता, भौतिक साधनांची दोन उदाहरणे लिहा. पेपर तपासायला दुसऱ्या तुकडीच्या सरांकडे होते. एका पोराने लिहिलं, "नाणी. आजीच्या दिवाणामागची भिंत." सरांनी पहिल्याला अर्धा आणि दुसऱ्याला शून्य दिला. मी पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले, ते म्हणाले मॅडम हे पुस्तकात कुठं आहे, मी म्हटलं पुस्तकात वास्तू आहे ना, ही वास्तूच आहे, ते म्हणाले असं धरलं तर उद्या प्रत्येकजण आपली भिंत लिहील. मी म्हटलं, लिहू द्या ना. वीस मिनिटं चाललं हे. अर्धा मार्क मिळाला.

पोर्शनमधले दोन धडे राहिले होते, ते मार्चमध्ये झिरो पिरियडला पळवले. त्यातला एक आर्थिक विकासाचा, तो पोरांनी गाइडमधूनच केला.